शाळेच्या परसबागेला उचलता येणारं शेडनेट, ३,००० रुपयांत जमेल का?

परसबाग_आर्णी: जि. प. शाळा, पट ४१. पोषण आहारासाठी पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) लावतो. मार्चनंतर सगळं जळते. १० बाय ४ फुटांचा सांगाडा पाहिजे, चार पोरं उचलतील असा. १५ ऑगस्टला मैदान मोकळं लागते. बजेट ३,०००, तेही माझ्या खिशातून.

संत्रा_वरुड: सर, जीआय पाईपच घ्या, जस्ताचा लेप दिलेला लोखंडी. माझ्या रोपवाटिकेला लावला, वर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. अठरा हजार गेले, पण सात वर्षं झाली, पाईप जशाचा तसा आहे. स्वस्ताच्या मागे लागू नका.

धारणीकर: उन्हाळ्यात कागद? पारा ४५ च्या वर जाते, आत रोपं शिजतात. माझे मिरचीचे सगळे ट्रे दोन दिवसांत गेले. आपल्याला ऊब नाही, सावली पाहिजे. ५० टक्क्यांची हिरवी नेट लावा, खालून हवा खेळू द्या. ७५ ची नको, पालक लांबट अन् पांढुरका होते.

संत्रा_वरुड: अन् पावसात कोवळी मेथी लोळते, त्याचं काय?

धारणीकर: तेव्हा फक्त वरतून कागद, बाजू उघड्या.

ब्रह्मपुरीची_ताई: सर, बांबू घ्या, मानवेलच, भरीव असते. आम्ही ओलाच बांधला तर भुंग्यानं सहा महिन्यांत पीठ केलं. नंतरचा तीन आठवडे बोडीत (लहान तळ्यात) बुडवला, सावलीत वाळवला. चौथं वर्ष सुरू आहे.

नेर_९०: बांबूले वनखात्याची परवानगी लागते ना?

ब्रह्मपुरीची_ताई: शेतातल्या बांबूले नाही. २०१७ मध्ये कायदा बदलला, वनाबाहेरचा बांबू आता झाडात धरत नाहीत.

नेर_९०: पीव्हीसी तर घेऊच नका. माझा दुसऱ्या उन्हाळ्यात तडकला. शाळेत मोडके बेंच असतील, त्यांचा सांगाडा वापरा.

गुरुजी_पुसद: बेंच डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत असतात. निर्लेखन होऊन त्यातून नाव कमी झाल्याशिवाय हात लावू नका सर, मी खुलासे देऊन थकलो. अन् काहीही बनवा, पायाशी रेतीची पोती ठेवा. आमचा सांगाडा वावटळीनं थेट विहिरीत नेला.

संत्रा_वरुड: म्हणूनच म्हणतो, जीआय पाईप.

परसबाग_आर्णी: सगळ्यांचे आभार. शेवटी ना पाईप घेतला, ना बांबू. एका पालकानं पट्ट्या तुटलेल्या दोन लोखंडी खाटा दिल्या. पाय काढून दोन्ही लांब बाजूवर समोरासमोर उभ्या केल्या, वरच्या कडा तारेनं बांधल्या, तंबूसारखं झालं. १० फूट नाही, ६ फुटांचाच वाफा झाकते. वरून ५० ची नेट, पायाशी रेतीची चार पोती. साडेसातशे लागले. सहावीतल्या पोरींनी आजच उचलून पाहिलं, सहज उचललं. सांबार पेरला.

धारणीकर: माकडं येतात का तुमच्याकडे?