खासगी एफएमला बातम्यांची बंदी अजून किती वर्षं?

माळावरचा
खासगी एफएमवाला तुम्हाला सांगू शकतो की उद्या अमुक भागात पाणी येणार नाही. पण का येणार नाही, पाइपलाइनचं टेंडर कुणाला गेलं, नगरसेवक काय म्हणतात हे विचारायला गेला की ती बातमी झाली आणि बातमीला त्याला बंदी. केंद्र सरकारच्या खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या फेज थ्री धोरणात काय चालेल याची यादीच आहे: ट्रॅफिक, हवामान, परीक्षा-ॲडमिशन, मॅचची कॉमेंट्री, पाणी-विजेच्या सूचना, त्यासुद्धा प्रशासनाने दिलेल्या. बातम्या हव्याच असतील तर आकाशवाणीचं बुलेटिन लावा, एक शब्द न बदलता.

टीव्हीला परवानगी, पेपरला परवानगी, यूट्यूबवर कुणीही बोलतंय, मग रेडिओलाच हा नियम का? मला विचाराल तर रेडिओ सगळ्यात स्वस्त आहे म्हणून. वाचता यायला लागत नाही, डेटा लागत नाही, रात्री शेतात दारं धरताना खिशात वाजत राहतो. ज्या माणसाकडे दुसरं काही पोचत नाही त्याने काय ऐकायचं हे एकाच सरकारी खात्याने ठरवायचं, यापेक्षा मोठी सत्ता कुठली? १९९५ ला सुप्रीम कोर्टाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या केसमध्ये सांगून टाकलंय की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. तरी आपण अजून तिथेच.

किल्लेदार_सातारा
पूर्ण असहमत. रवांडा आठवा. १९९३ ला तिथे आरटीएलएम नावाचं खासगी स्टेशन सुरू झालं, मस्त गाणी, गप्पा, लोकांना आवडायला लागलं आणि १९९४ ला त्याच माइकवरून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीला झुरळं म्हणत कुणाला मारायचं त्यांची नावं सांगितली गेली. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं गेली. पेपर वाचताना माणूस थांबतो, परत वाचतो, रेडिओचं तसं नाही, आवाज थेट कानात जातो. आपल्याकडे एका व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून गावात माणसं ठेचून मारली गेली आहेत (२०१८, राईनपाडा, धुळे). त्यात प्रत्येक शहरात माइक वाटायचे? बंदी मला अपुरी वाटेल पण चुकीची नाही वाटत.

माळावरचा
@किल्लेदार रवांडाचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. आरटीएलएम खासगी होतं पण त्याच्यामागे राष्ट्राध्यक्षांच्या गोटातलीच माणसं होती. आणि त्याच्याही आधी, मार्च १९९२ ला, बुगेसेरा भागात तुत्सींची कत्तल झाली ती सरकारी रेडिओ रवांडाने खोटी बातमी वाचल्यावर. म्हणजे सरकारकडे माइक असला की सुरक्षित हे कुठून आलं? आपल्याकडचंच बघा ना, २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या पेपरांची वीज तोडली, सकाळी आकाशवाणीवरून इंदिरा गांधींचं भाषण झालं, लोकांना तेवढंच ऐकू आलं. पुढे १९७६ ला चारही वृत्तसंस्था एकत्र करून एकच 'समाचार' केली. एकच तोंड असलं की ते दाबायला एक हात पुरतो. आणि इंग्रजांनी १९४२ ला मुंबईतला उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ शोधून काढून बंद पाडला, तीन महिनेही चालू दिला नाही, तो काय गाण्यांना घाबरून?

निळीशाई
दोघांचंही वाचलं. अहो पण एफएम स्टेशनं कुणाची आहेत ते कुणीच बोलत नाहीये. मिर्ची टाइम्स ग्रुपची, रेडिओ सिटी जागरणवाल्यांची, माय एफएम भास्करवाल्यांची. उद्या बातम्या खुल्या केल्या तर सकाळी पेपरात जे छापलं तेच दिवसभर कानात. सरकारच्या हातातून सुटून चार मालकांच्या हातात गेलं, ऐकणाऱ्याच्या हातात काय आलं? मी बंदीच्या बाजूने नाही पण या खुलेपणाने मला आनंदही होणार नाही.

बॅटरीसेल
मोबाइलच्या जमान्यात हा वाद कशाला, असं कुणीतरी म्हणेलच म्हणून आधीच लिहितो. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात आमच्याकडे लाइट गेली, फोन बंद पडले, धरणातून किती सोडलंय, पाणी अजून चढणार का, कळायला मार्ग नाही. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू. आणि इंटरनेट तर सरकार एका आदेशाने बंद करतं, काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला बंद केलं आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. त्यामुळे रेडिओ जुना झाला म्हणू नका.

माळावरचा
@निळीशाई मालकीचा मुद्दा एकदम मान्य, म्हणून माझं म्हणणं की सुरुवात कम्युनिटी रेडिओपासून, म्हणजे स्थानिक संस्था आपल्या भागापुरतं चालवतात त्या छोट्या स्टेशनांपासून करा. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, बाया स्वतः कार्यक्रम करतात, अशा स्टेशनलाही राजकीय बातमी चालत नाही. १०० वॅटचा ट्रान्समीटर, दहाएक किलोमीटरचा पल्ला, त्यातून देश पेटणार आहे का? ग्रामसभेत काय ठरलं, रोजगार हमीचे पैसे का अडकले, एवढं तरी सांगू द्या. @किल्लेदार तुम्ही म्हणाल लक्ष कोण ठेवणार, तर त्यांना प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावंच लागतं. कुणी विष ओकलं तर पुरावा तयार आहे, लायसन काढून घ्या, खटला भरा. आणि मोठ्या एफएमबद्दल ट्रायनेच (दूरसंचार-प्रसारणाची सरकारी नियामक संस्था) २०२३ ला शिफारस केली की तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायला हरकत नाही.

किल्लेदार_सातारा
रेकॉर्डिंग नंतर ऐकून काय करणार, राईनपाड्यात पाच जीव जायला काही तास पुरले. खटला वर्षानुवर्षं चालतो. कम्युनिटी रेडिओचं थोडं पटतंय, कारण बोलणारी बाई गावातलीच असते, उद्या तिला त्याच बाजारात जायचंय. पण तिथेही ग्रामपंचायत निवडणुकीच्या महिन्यात माइक कुणाच्या ताब्यात असेल ते आधी सांगा, संस्थेचा अध्यक्षच उमेदवाराचा भाऊ निघाला तर?

निळीशाई
हा प्रश्न बरोबर आहे आणि तो आकाशवाणीलाही विचारायला हवा.