सात सीटर गाडी: नवी घ्यावी की वापरलेली?

नमस्कार मंडळी,

आमची छोटी गाडी आता पुरत नाही. मोठा सात वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची, आणि सासूबाई-मामंजी आता आमच्याकडेच राहायला आले आहेत. सगळे मिळून कुठे निघायचं म्हटलं की दोन फेऱ्या होतात. म्हणून सात सीटर घ्यायचं ठरवलं आहे.

एक वापरलेली पेट्रोल सात सीटर मनात भरली आहे. पाच वर्षांची, ८५ हजार किलोमीटर चाललेली, सुरुवातीपासून एकच मालक. तेवढ्याच पैशात नवी घ्यायची तर पाच सीटरच येते. नवी सात सीटर घ्यायची तर मोठं कर्ज काढावं लागेल. आमचं रोजचं धावणं फार नाही. ह्यांचं ऑफिस १२ किलोमीटरवर, माझ्या शाळा-बाजाराच्या फेऱ्या त्याहून लहान, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा लांबचा प्रवास.

सगळ्यात भरवशाची कंपनी कोणती, एवढं जरी कोणी सांगितलंत तरी मोठी मदत होईल.

– म.

*

वहिनी,

माझं मत नव्या गाडीच्या बाजूने. घरात तान्हं बाळ आणि वयस्कर माणसं असताना गाडी रस्त्यात बंद पडली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. नव्या गाडीला वॉरंटी असते, आणि समोर अडथळा आला की आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा आता बऱ्याच नव्या गाड्यांत मिळते. पाच वर्षांपूर्वीच्या गाडीत ती असेलच असं नाही. असली तरी कधीकधी फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये. ते नीट बघा.

दोन गोष्टी मात्र पाळा. एखाद्या मॉडेलची नवी पिढी बाजारात आली की पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नका. कारखान्यातल्या आणि डिझाइनमधल्या चुका पहिल्या वर्षात ग्राहकांकडूनच कळतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तीच गाडी पुष्कळ सुधारलेली असते. दुसरं, कर्जाची मुदत वॉरंटीपेक्षा फार लांब ठेवू नका. नाहीतर वॉरंटी संपलेली असते, दुरुस्तीचं बिल येतं आणि हप्ताही चालूच असतो.

– नि.

*

म.,

तुझी मेल काल वाचली आणि लगेच उत्तर न देता जरा विचार केला. माझी नोकरी आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यातली, त्यामुळे हा प्रश्न मला लोक फार विचारतात. कंपनीचं नाव मी कुणालाच आधी सांगत नाही. तू जी गाडी विकत घेणार आहेस ती एकच गाडी आहे. तिच्या मॉडेलची सरासरी कितीही चांगली असली, तरी तिचं तेल वेळेवर बदललं की नाही, ती कुठे ठोकली गेली, पुराच्या पाण्यात उभी होती का, हे त्या सरासरीत दिसत नाही.

याद्या जरूर बघाव्यात, पण त्यांत काय मोजलंय ते आधी वाचावं. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या ग्राहक-पाहण्या करणाऱ्या संस्थेची एक पाहणी नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजते, दुसरी तीन वर्षांच्या गाड्यांच्या. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही हीही एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला हीही एक तक्रार. जर्मनीचा टीयूव्ही अहवाल सक्तीच्या तांत्रिक तपासणीतून तयार होतो. त्यात ब्रेक, सस्पेन्शन, दिवे, तेलगळती असल्या गोष्टी येतात आणि डॅशबोर्डवरचा स्क्रीन अडकतो की नाही याला जागा नाही. तुला जुनी गाडी घ्यायची आहे, तर टीयूव्हीसारखी माहिती जास्त कामाची. आणि बघताना नुसतं कंपनीचं नाव बघू नकोस. मॉडेल, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स चारही जुळवून बघ. एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन अडीच लाख किलोमीटर सहज जातं आणि दुसरं लाखाच्या आत तेल पिऊ लागतं, असं मी खूपदा पाहिलंय.

आता तुमच्या धावण्याबद्दल. १२ किलोमीटरच्या आणि त्याहून लहान फेऱ्या म्हणजे इंजिनला हलकं काम असं वाटतं. खरं तर तेच काम इंजिनला जड जातं. इंजिन आणि तेल पुरतं तापायच्या आत गाडी बंद होते, पेट्रोल आणि पाण्याचा अंश तेलात मिसळत राहतो. त्यामुळे किलोमीटर कमी झाले तरी तेल महिन्यांच्या हिशेबाने बदलायला हवं. डिझेलचा विचार तर तुम्ही करूच नका. डिझेलच्या एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला बराच वेळ सलग, गरम चालणं लागतं. रोजच्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि बदलायला फार महाग पडतो.

पाच वर्षं आणि ८५ हजार म्हणजे वर्षाला १७ हजार. हे छान आहे. मला पाच वर्षांत २० हजार चाललेल्या गाडीपेक्षा अशी गाडी जास्त आवडते, कारण ती बहुतेक लांब पल्ल्यावर, गरम इंजिनाने चाललेली असते. फक्त आकडा खरा असला पाहिजे. स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का, ब्रेक पेडलचं रबर झिजलंय का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का, हे ८५ हजारांशी जुळतंय का बघ. सर्व्हिसच्या प्रत्येक पावतीवर तारीख आणि किलोमीटर असतात; ते ओळीने मांडले की खोटेपणा लगेच कळतो.

इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचार. बेल्ट असेल तर तो साधारण १ ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हेही विचार. "ते आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं उत्तर आलं तर मान डोलव, पण विश्वास ठेवू नकोस. ८०-९० हजाराला ऑटोमॅटिकचं तेल बदललेलं मला हवं असतं, आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर त्याहून आधी.

गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांग, आणि पोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघ. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. सुरू होताच काही सेकंद खडखड झाली तर चेन किंवा तिचा ताण सांभाळणारा भाग झिजलाय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरी वाफ थंडीत येणारच, पण गाडी गरम झाल्यावरही ती थांबत नसेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनाच्या आत जातंय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर लगेच घाबरू नकोस. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. पण मेकॅनिकला दाखव. कूलंटचं झाकण मात्र गरम इंजिनावर कुणालाही उघडू देऊ नकोस.

टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५२१ असेल तर तो टायर २०२१ च्या ३५व्या आठवड्यातला. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने प्रत्येक वेळी स्वस्तात भागवलंय, आणि जो टायरमध्ये भागवतो तो तेलातही भागवतो. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर हे जास्त महत्त्वाचं, कारण टायरच्या झिजेत फार फरक असला की पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या भागावर सतत ताण येतो.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते, कारण तिथपर्यंत कुणी धूत नाही. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खोलगट भाग हाताने चाचप.

– तुझे काका

*

काकांनी इंजिनाचं सगळं सांगितलंच आहे. मी बसण्याबद्दल लिहिते, कारण त्यावरच रोज चिडचिड होते.

मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट बरीच लांब असते. ती मधल्या रांगेत लावली की पुढची सीट किती पुढे सरकवावी लागते, ते आपली सीट घरून नेऊन प्रत्यक्ष लावूनच कळतं. आयसोफिक्सचे हुक (ज्यांत लहान मुलाची सीट अडकवतात) मधल्या रांगेत बहुधा दोन्ही टोकांच्या जागांनाच असतात, आणि एका बाजूला लहान मुलाची सीट पक्की बसवली की बऱ्याच गाड्यांत त्या बाजूने तिसऱ्या रांगेत जाताच येत नाही. काही गाड्यांत सीट लावलेली असतानाही मधली सीट तशीच पुढे झुकते. म., तुझ्याकडे सासूबाई-मामंजींना तिसऱ्या रांगेत चढायला लावणं शक्यच नाही. मोठ्याला मागे बसवावं लागेल, आणि तो स्वतः चढू-उतरू शकला पाहिजे. मामंजींना एकदा गाडीजवळ ने आणि स्वतः बसू दे. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीच्या आसपास असेल तर ते नुसते टेकून पाय आत घेतात. फार उंच एसयूव्हीत चढणं आणि खालच्या सेडानमधून उठणं, दोन्ही गुडघ्यांना जड जातं. सरकत्या दाराची मिनीव्हॅन दिसायला कशीही वाटो, माझ्या आई-बाबांना त्याहून सोयीचं दुसरं काही मिळालेलं नाही.

तिसरी रांग उघडल्यावर डिकीत बाळाची ढकलगाडी मावते का, तेही तिथेच बघ. सातही जागा भरल्या की बऱ्याच गाड्यांत सामानाला जागाच उरत नाही.

आणि एक सुचवते: तुमच्या छोट्या फेऱ्यांना हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) फार योग्य. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस आणली, तेव्हापासून ती पद्धत पारखली गेली आहे. त्या प्रकारच्या हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर नसतो, नेहमीचा ऑल्टरनेटरही नसतो आणि गिअर बदलणारे क्लच नसतात, म्हणून बिघडायला भाग कमी. ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे ब्रेक पॅडही खूप टिकतात. वापरलेली घेतलीत तर बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी साफ आहे ना ते बघा. ती बऱ्याचदा मागच्या सीटजवळ असते आणि तिथे केस आणि धूळ अडकून बॅटरी तापते. बॅटरीची वॉरंटी बाकी गाडीपेक्षा बरीच लांब असते. किती उरली आहे ते कागदावर बघून घ्या.

– शु.

*

काका, ताई, नि., सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं वाचून काल बाळाची सीट नेऊन लावून पाहिली. डाव्या बाजूला बसवली तर उजवीकडून मोठा आरामात मागे जातो. मामंजी दोनदा बसले-उतरले, हाताचा आधार लागला नाही. त्यामुळे ही गाडी निदान आमच्या मापाची आहे.

पावत्या आठ मिळाल्या. मधल्या दीड वर्षाची एकही नाही. मालक म्हणतात तेव्हा गाडी फारशी चालवलीच नव्हती. आणि त्यांनी आपणहून सांगितलं की इंजिनाचा पिवळा दिवा एकदा लागला होता, पण "आता काही नाही". याचं काय करायचं?

– म.

*

म.,

आपणहून सांगितलं हे चांगलं लक्षण. तरीही तपासायचं.

दिवा दोन प्रकारे जातो: बिघाड दुरुस्त केला तर, किंवा नुसता कोड, म्हणजे संगणकातली बिघाडाची नोंद, पुसला तर. कोड पुसला की गाडीचा संगणक आपल्या तपासण्या पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्या सगळ्या पुऱ्या व्हायला बरेच दिवस वेगवेगळ्या प्रकारचं चालणं लागतं. ओबीडीच्या (गाडीच्या संगणकाला जोडायच्या सॉकेटच्या) छोट्या स्कॅनरवर "तयार" आणि "अपूर्ण" असं स्पष्ट दिसतं. बऱ्याच तपासण्या अपूर्ण असतील तर कोड अगदी अलीकडे पुसलाय किंवा बॅटरी काढली होती. तसं दिसलं तर आठवड्याने पुन्हा बघू असं सांगून निघायचं. सगळ्या तयार असतील आणि दिवा नसेल तर बहुधा ती गोष्ट संपली.

दीड वर्षाच्या खंडाला किलोमीटर लाव. आधीच्या आणि नंतरच्या पावतीत खरंच थोडाच फरक असेल तर मालक खरं बोलतायत. तरी त्या काळात तेल बदललं नाही असं धरूनच चालायचं, आणि गाडी घेतलीस तर पहिल्याच दिवशी इंजिनचं तेल, गिअरबॉक्सचं तेल आणि ब्रेक फ्लुइड बदलून घ्यायचं. हे पैसे आजच तुझ्या हिशेबात धर आणि किंमत ठरवताना त्यांना तसं मोकळेपणाने सांग.

गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन (ओळख) नंबर घेऊन ये. काचेखालचा, दाराजवळचा आणि कागदावरचा, तिन्ही एक असले पाहिजेत. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कुठली रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) राहिलीय का कळतं. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल: त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने खराब होऊन एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडायचे, आणि कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. रिकॉलचं काम साधारणपणे फुकट होतं, तरी पुष्कळ लोक ते करूनच घेत नाहीत.

शेवटची तपासणी माझ्या भरवशावर सोडू नकोस. विक्रेत्याचा नव्हे आणि त्याच्या ओळखीचाही नव्हे, असा एक मेकॅनिक ठरव, जो गाडी लिफ्टवर चढवून खालून बघेल. मालक याला नाही म्हणाले तर गाडी कितीही आवडली असो, तिथेच थांबायचं.

– काका

*

काका, मालक लिफ्टवरच्या तपासणीला लगेच हो म्हणाले. पावत्यांमधला फरक दीड वर्षात चार हजार किलोमीटर निघाला, रिकॉल एक होती आणि ती झालेली आहे. तिन्ही नंबर जुळले. शनिवारी सकाळी साडेआठला जायचं आहे. शुक्रवार रात्रीपासून गाडी सुरू करायची नाही असं त्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही याल का?

– म.

*

येतो. स्कॅनर माझ्याकडे आहे. तू टॉर्च आण, आणि टेस्ट ड्राइव्हला निदान अर्धा तास मागून घे, त्यात हायवेचा तुकडाही असू दे. सासूबाईंनाही सोबत घे. मागच्या रांगेतला आवाज आणि धक्के ड्रायव्हरला कळत नाहीत.

– काका