रणगाड्यांच्या शर्यतीवरचा प्रेमपट: नायक-नायिकेला कुठला रणगाडा द्यावा?

पटकथावाली
नमस्कार मंडळी. एका हलक्याफुलक्या प्रेमपटाची पटकथा लिहिते आहे. जुन्या, महायुद्धाच्या काळातल्या रणगाड्यांचा एक स्पर्धात्मक खेळ आहे, त्याची लीग आहे, पंच आहेत, हट्टी प्रेक्षक आहेत. तो नावाजलेला ड्रायव्हर. ती प्रतिस्पर्धी संघाची कमांडर. संघ फुटतात आणि दोघांना एकाच रणगाड्यात बसावं लागतं.
युद्ध कुठेही दाखवायचं नाही. चालता रणगाडा एकच परवडेल, आणि तोही वीस टनांच्या आतला. त्यापुढे ट्रेलर, रस्ते, पूल या सगळ्यांचा खर्च निर्मात्याच्या हाताबाहेर जातो. आतल्या दृश्यांसाठी एक सेट उभारू. दोघांमधलं नातं रणगाड्याच्या आतच घडायला हवं. कुठला घेऊ?

वाघनख
जर्मन टायगर! दुसरा विचारच नको. पडद्यावर तो आला की लोक श्वास रोखतात. नायकाचा टायगर, नायिकेचा अमेरिकी शर्मन, शेवटी दोघं समोरासमोर. सिनेमा तिथेच झाला.

एकास_पस्तीस
वाघनख, टायगर सत्तावन्न टनांचा आहे. ताईंनी वीस लिहिलंय. शिवाय जगात चालता टायगर-१ एकच, इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला १३१ क्रमांकाचा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला होता. तो वर्षातून मोजक्या वेळा बाहेर काढतात.
माझं मत चॅफी, म्हणजे एम-२४. अठरा टन, तुमच्या अटीत बसतो. दोन कॅडिलॅक व्ही-८ इंजिनं आणि हायड्रामॅटिक गिअरबॉक्स, त्यामुळे चालवायला त्या काळाच्या मानाने फार सोपा. ताशी पंचावन्न किलोमीटर पळतो. मी त्याचं एकास पस्तीस प्रमाणातलं मॉडेल नुकतंच पुरं केलं, आतल्या सीटच्या शिवणीसकट. टरेटचे, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचे, उतार इतके सुरेख आहेत की कुठल्याही बाजूने कॅमेरा लावा. फोटो टाकू का?

वाघनख
चालता एकच असला म्हणून काय झालं, सिनेमात खरा लागतच नाही. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यावर पत्र्याचा साचा चढवून कितीतरी चित्रपटांनी टायगर उभे केलेत.

कॅमेरा_काका
वाघनख यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९६५ च्या एका मोठ्या अमेरिकी युद्धपटात तर एम-४७ पॅटनलाच जर्मन रंग फासून टायगर म्हणून उभं केलं होतं, आणि चॅफीला शर्मन. जाणकार अजून चिडतात.
पण पटकथावाली, मला दुसरंच सांगायचं आहे. एका लघुपटासाठी आम्ही लष्करातून निवृत्त झालेलं चिलखती वाहन भाड्याने घेतलं आणि त्यावर प्लायवूडचं टरेट बसवलं. बाहेरून झकास दिसलं. मात्र भाड्याने देणाऱ्याने ट्रॅकचे, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याचे, रबरी पॅड झिजलेत हे लपवून ठेवलं होतं. पहिल्याच वळणावर डांबर सोलून निघालं, नुकसानभरपाई आमच्या गळ्यात आणि संध्याकाळचं सगळं चित्रीकरण रद्द. म्हणून आधी ट्रॅक बघा, मग करार. शर्मन आणि चॅफीला रबरी ट्रॅक मिळू शकतात, टी-३४ चे पोलादी. मैदान मातीचं असेल तर चालेल, गावातल्या रस्त्यावरून मिरवणूक काढायची असेल तर विचार करा.
आणि सेट? मधोमध चिरलेला बांधा, दोन्ही भाग चाकांवर. कॅमेरा आत घुसवायला जाऊ नका.

निवृत्त_ट्रूपर
मी सेंच्युरियनवर नोकरी केली आहे, त्यामुळे बोलण्याचा हक्क आहे. सेंच्युरियन घ्या. स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचं रणगाड्यासाठी केलेलं रूप, मीटिऑर, त्यात आहे. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा होती, चालत्या गाडीतून नेम धरता येई. आत पाणी उकळायचं विजेचं भांडंसुद्धा असतं. प्रेमकथेला आणखी काय हवं?
वरचे सगळे दिसण्याबद्दल बोलताहेत. चालत्या रणगाड्यात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. सगळं बोलणं हेडफोन आणि इंटरकॉमवर. झाकण बंद केलं की ड्रायव्हरला पेरिस्कोपमधून जेवढी फट दिसते तेवढंच जग, बाकी सारं कमांडरच्या शब्दावर. तिने ‘डावीकडे’ म्हटलं की विचार न करता डावीकडे. हा विश्वास बसायला वेळ लागतो. तुमची गोष्ट तिथे आहे, टरेटच्या उतारात नाही.

एकास_पस्तीस
सेंच्युरियन एक्कावन्न टन, काका. आणि टरेटचे उतार महत्त्वाचे आहेत, पोस्टरवर तेच येतात.

निवृत्त_ट्रूपर
मॉडेलमध्ये ग्रीसचा वास येत नाही.

साखळीतुटली
ट्रूपरकाकांना अनुमोदन. आणखी एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. ट्रॅक उतरण्याचा प्रसंग घ्याच! उतारावर किंवा चिखलात जोरात वळवलं की ट्रॅक चाकांवरून सरकतो आणि गाडी जागच्या जागी बसते. मग सगळ्यांनी खाली उतरायचं, पहारी घ्यायच्या, पिन ठोकून काढायची, ट्रॅक ओढून परत स्प्रॉकेटवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, चढवायचा, पुन्हा पिन ठोकायची. एकट्या माणसाचं ते काम नव्हे. दोघं भांडलेली असली तरी पहार एकाने धरायची आणि घण दुसऱ्याने मारायचा. जुन्या ट्रॅक्टरवर, क्रॉलरवर हे मी स्वतः केलंय, त्यामुळे खात्रीने सांगते.

स्टुअर्टभक्त
चॅफीचं कौतुक चाललंय पण स्टुअर्ट कुणालाच आठवत नाही याचं वाईट वाटतं. एम-३ साधारण तेरा टन, त्यात विमानाचं रेडियल इंजिन, ताशी सुमारे अठ्ठावन्न किलोमीटर वेग. ब्रिटिश सैनिक लाडाने त्याला ‘हनी’ म्हणायचे. प्रेमपटाला नावासकट तयार रणगाडा! मी एकदा प्रदर्शनात त्याच्या मागे बसून फेरी मारली आहे. धूळ खाल्ली, पण पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन.
आत चौघं बसतात. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, म्हणून दोहोंना जोडणारा दांडा माणसांच्या मधून जातो. हालचाल करायची तर तो ओलांडावा लागतो. अडखळण्याचे प्रसंग आयतेच मिळतात.

वाघनख
स्टुअर्टची सदतीस मिलिमीटरची तोफ म्हणजे खेळणं. प्रेक्षक हसतील.

स्टुअर्टभक्त
विनोदी चित्रपटच आहे, हसू देत की.

पंचांचा_पंच
रणगाडा कुठलाही घ्या, नियम आधी ठरवा. नियम पक्के नसतील तर शर्यत रंगत नाही, आणि शर्यत रंगली नाही तर प्रेमही रंगणार नाही. प्रत्यक्षात दोन नमुने आहेत. नाटो देशांची कॅनेडियन आर्मी ट्रॉफी १९६३ ते १९९१ चालली, त्यात अचूक आणि झटपट नेमबाजीवर गुण होते. रशियात २०१३ पासून टँक बायथलॉन झालं, त्यात नेम चुकला की पाचशे मीटरची दंडाची फेरी मारावी लागे. ही दंडफेरी तुम्ही उचला. तिने नेम चुकवला की त्याने मुकाट्याने ती फेरी चालवायची. ते पाचशे मीटर म्हणजे संवादासाठी हक्काची जागा. तोफेसाठी ऑक्सिजन आणि प्रोपेनवर चालणारी धमाका-नळी वापरतात, गोळा लागत नाही.

इतिहासकन्या
नायिका कमांडर आणि नायक ड्रायव्हर हे कुणाला ओढूनताणून वाटत असेल तर सांगते. आलेक्सांद्रा आणि इव्हान बोयको या सोव्हिएत जोडप्याने बचतीचे पन्नास हजार रूबल रणगाड्यासाठी दिले आणि आम्हाला आघाडीवर पाठवा अशी विनंती केली. १९४४ मध्ये दोघं एकाच आयएस-२ रणगाड्यावर होते. पत्नी कमांडर, पती ड्रायव्हर. हुकूम ती द्यायची. मारिया ओक्त्याब्रस्कायाने तर नवरा गेल्यावर घरातलं सगळं विकून टी-३४ घेतला आणि स्वतः चालवला. ट्रॅक दुरुस्त करायला ती गोळीबारात खाली उतरायची. या बायकांची नावं तुमच्या लीगमधल्या चषकांना द्या, फार शोभतील.

एकास_पस्तीस
चॅफीवर ठाम आहे. गंमत म्हणून एक माहिती देतो, निवड म्हणून नव्हे. १९१७ चा फ्रेंच रेनो एफटी फक्त साडेसहा टनांचा, माणसं दोनच. ड्रायव्हर पुढे, कमांडर त्याच्या मागे टरेटमध्ये. इंटरकॉम नव्हता. कमांडर पायाने खुणा करायचा. पाठीवर लाथ म्हणजे पुढे चल, डोक्यावर दाब म्हणजे थांब, उजव्या किंवा डाव्या खांद्यावर म्हणजे त्या बाजूला वळ. वेग ताशी सात-आठ किलोमीटर, त्यामुळे शर्यतीला अर्थातच निरुपयोगी.

पटकथावाली
सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॅक उतरण्याचा प्रसंग आणि दंडफेरी दोन्ही घेतले. बोयको चषक नक्की असेल.
रणगाडा मात्र रेनो एफटी घेते आहे.
कारण सांगते. चॅफी किंवा स्टुअर्ट घेतला तर आत चार-पाच जणं, मग गनर (तोफ डागणारा) आणि लोडरला (गोळा भरणारा) संवाद द्यावे लागतील आणि ही दोघं एकटी कधी सापडणार नाहीत. एफटीमध्ये तिसऱ्याला जागाच नाही. त्याला तिचा चेहरा दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात शब्द पोहोचत नाहीत, तिच्याकडे फक्त पाय आहेत. सुरुवातीच्या फेरीत ती रागाने लाथ मारते. मध्यंतरानंतर तेवढंच बोटांनी सांगते आणि त्याला कळतं. हा बदल मला दुसऱ्या कुठल्याही रणगाड्यात दाखवता येणार नाही. ट्रूपरकाका, तुमचं विश्वासाचं वाक्य वाचताना हे डोक्यात बसलं. वेग कमी आहे ते मला उलट हवंच आहे. प्रेक्षक शर्यतीच्या बरोबरीने चालत जातील, ओरडून सल्ले देतील, आई-वडील बाजूने चालता चालता लग्नाचं विचारतील.

वाघनख
सात किलोमीटर वेगाची शर्यत? माणूस तिकीट काढून हे का बघेल?

स्टुअर्टभक्त
एफटीची तोफसुद्धा सदतीस मिलिमीटरचीच आहे, तेव्हा स्टुअर्टला हसणाऱ्यांनी आता बोलावं.

निवृत्त_ट्रूपर
मला पटलेलं नाही. तोफेला स्थिर ठेवणारी यंत्रणा नसलेल्या गाडीत नेमबाजी दाखवणं हे तुम्हाला अवघड जाईल. गाडी थांबवूनच नेम धरायला लावा. थांबण्याची खूण डोक्यावर आहे, हे गनरी करणाऱ्या माणसाला कळण्यासारखं आहे. टरेटही हातानेच, अंगाचा जोर लावून फिरवायचं असतं. तिच्या भूमिकेसाठी खांद्यात ताकद असलेली मुलगी शोधा.

कॅमेरा_काका
चालता मूळ एफटी मिळवणं कठीण. छोट्या ट्रॅकवाल्या खोदकाम यंत्राच्या सांगाड्यावर प्रतिकृती बांधा. अष्टकोनी रिव्हेटवालं टरेट करा, ओतीव गोल टरेटपेक्षा पत्र्यात सोपं जातं. ड्रायव्हरची दारं पुढच्या बाजूला उघडतात आणि कमांडरचं टरेटच्या मागे, म्हणजे भांडण झालं की दोघं विरुद्ध दिशांनी बाहेर पडतील. आणि रबरी पॅडची अट करारात लिहून घ्या, पुन्हा सांगतो.

एकास_पस्तीस
मी गंमत म्हणून सांगितलं होतं हो! बरं, मागच्या शेपटीचा आराखडा माझ्याकडे आहे, खंदक ओलांडताना गाडी मागे उलटू नये म्हणून ती असते. काढू नका, तिच्याविना एफटी ओळखूच येत नाही. चॅफीचे फोटोही टाकतोय, बघून ठेवा, प्रतिस्पर्धी संघाला लागेल.

वाघनख
प्रतिस्पर्ध्यालाच टायगर द्या मग.