जुन्या इमारतीच्या छायाचित्राची चौकट कुठे कापावी? (मदत हवी आहे)

नमस्कार,

एका जुन्या दगडी इमारतीचे मी काढलेले छायाचित्र ८ × १० इंच आकारात छापून भिंतीवर लावायचे आहे. ते कोणत्या बाजूने किती कापावे, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. इमारतीच्या मालकांच्या विनंतीवरून चित्र येथे जोडता येत नाही, म्हणून वर्णन थोडे सविस्तर करते.

तळमजला आणि त्यावर दोन मजले, अशी ही इमारत आहे. उंची सुमारे १२ मीटर आणि दर्शनी बाजूची रुंदी सुमारे ९ मीटर असावी. मधोमध कमानीचे दार, त्यापुढे दगडी पायऱ्या, पहिल्या मजल्यावर पूर्ण रुंदीचा लाकडी सज्जा आणि वर उतरत्या छपराचा त्रिकोणी माथा आहे. सज्ज्याची डावी बाजू खचलेली आहे आणि इमारतीची उजवी कडाही बहुधा किंचित कललेली आहे. लवकरच दुरुस्ती होऊन सज्जा पूर्ण बदलला जाणार आहे, म्हणून आजचे रूप जसेच्या तसे चित्रात राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

छायाचित्र रस्त्याच्या पलीकडून, साधारण १० मीटरवरून काढले आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, लेन्स २४ मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंग्थ) आणि कॅमेरा उभा धरलेला होता. माथा चौकटीत मावावा म्हणून कॅमेरा वर झुकवावा लागला, त्यामुळे इमारतीच्या दोन्ही उभ्या कडा वर जाताना एकमेकींच्या जवळ येतात. मूळ फाइल ४००० × ६००० पिक्सेलची आहे आणि रॉ स्वरूपातही (सेन्सरवरची माहिती कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) ठेवलेली आहे. उजवीकडे शेजारच्या नव्या उंच इमारतीची कोरी भिंत, डावीकडे झाडाची फांदी, वरून जाणाऱ्या तारा, आणि खाली बराचसा रस्ता व अर्धवट आलेले एक वाहन, एवढा इतर भाग चित्रात आला आहे.

मी तीन प्रकारे क्रॉप करून पाहिले. केवळ इमारत राहील असे चारही बाजूंनी कापले, तर ती कागदातून कातरून चिकटवल्यासारखी दिसते. चौरसात माथा किंवा पायऱ्या यांपैकी एक काहीतरी गमवावे लागते. फक्त दार आणि सज्जा ठेवला तर चित्र देखणे होते, पण ही इमारत एकंदर कशी होती हे त्यातून कळत नाही. शेजारची भिंत पूर्ण काढावी की थोडी ठेवावी, कडा सरळ करताना किती कराव्यात, आणि हे आधी करावे की कापणे आधी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपला तिसरा प्रकार मला सहज सोडून देण्यासारखा वाटत नाही. फ्रेडरिक एव्हान्स यांनी १९०३ मध्ये वेल्स कॅथीड्रलमधील झिजलेल्या पायऱ्यांचे जे छायाचित्र काढले, त्यात त्या वास्तूचा अगदी थोडा भाग दिसतो, तरीही शतकानुशतकांची वर्दळ त्या दगडांत वाचता येते. खचलेला सज्जा हाच आपल्या इमारतीचा आशय असेल तर तोच ठेवावा. मात्र कमान अर्ध्यावर कापू नये. ज्या दगडांपासून कमानीचा बाक सुरू होतो, ते दोन्हीकडचे दगड चौकटीच्या आत राहिले पाहिजेत, नाहीतर तिचा भार कोठे उतरतो हे डोळ्याला कळत नाही आणि चित्र अधांतरी वाटते.

प्रतिसाद:

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. आधी कडा सरळ करा आणि मग कापा. याला दोन कारणे आहेत. कडा सरळ करताना चित्राचा वरचा भाग रुंदीत ताणला जातो आणि आयताकृती चित्राचे समलंब होते. त्याच्या तिरप्या बाजू पुन्हा आयतात बसवताना दोन्हीकडचा काही भाग जातोच. आधीच घट्ट कापलेले असेल तर हा भाग इमारतीतून जाईल.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपली इमारत जुनी आहे, तिची एक कडा कललेली आहे आणि सज्जा खचलेला आहे. सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित सुधारणा चित्रातील ठळक रेषा शोधते आणि त्या उभ्या व आडव्या असाव्यात असे गृहीत धरते. तिला कॅमेऱ्याच्या झुकण्यामुळे आलेला तिरपेपणा आणि इमारतीचा स्वतःचा कल यांतला फरक कळत नाही. खचलेल्या सज्ज्याची रेषा तिने आडवी मानली, तर सज्जा सरळ होईल आणि पायऱ्या तिरक्या होतील. जे रूप आपल्याला जपायचे आहे, तेच अशा रीतीने पुसले जाईल. म्हणून स्वयंचलित पर्याय टाळून मार्गदर्शक रेषा स्वतः आखाव्यात, आणि त्या अशा वस्तूंवर आखाव्यात ज्या खात्रीने ओळंब्यात आहेत. आपल्या चित्रात अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे उजवीकडच्या नव्या इमारतीचा कोपरा. जी भिंत आपण काढून टाकू पाहत आहात, तीच येथे ओळंब्याचे काम करील. डावीकडे एखादा खांब किंवा नव्या बांधकामाची कड असेल तर दुसरी रेषा तिच्यावर आखावी. हे झाल्यावर जुन्या इमारतीची उजवी कडा थोडी कललेली उरली, तर तो तिचा खरा कल समजावा आणि त्याला हात लावू नये.

किती सरळ करावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. समोरून काढलेल्या अशा चित्रात कडा पूर्ण सरळ कराव्यात. काही जण थोडा उतार ठेवणे नैसर्गिक मानतात, पण चौकटीच्या सरळ कडेशेजारी तो किंचितसा उतार अनवधानाने राहिल्यासारखा दिसतो. मान वर करून पाहिल्याचा परिणाम हवा असेल तर तो स्पष्ट दिसेल इतका असावा, आणि त्यासाठी इमारतीच्या अगदी जवळ जाऊन वेगळे चित्र काढावे.

एक पडताळणी मात्र अवश्य करावी. कडा सरळ केल्यावर इमारत प्रमाणापेक्षा उंच किंवा बुटकी दिसू शकते. तळमजल्यावरच्या एखाद्या खिडकीची, भिंतीच्या पृष्ठभागाशी असलेल्या चौकटीची, उंची आणि रुंदी फितीने मोजून घ्यावी, चित्रातही तेच गुणोत्तर येते का ते पाहावे, आणि येत नसेल तर उंचीचे प्रमाण जुळवून घ्यावे. वरचा भाग मूळ चित्रात खालच्या भागाच्या ८० टक्के रुंदीचा दिसत असेल तर तो सव्वापट ताणावा लागतो. तेवढे पिक्सेल सॉफ्टवेअरने शेजारच्या पिक्सेलवरून तयार केलेले असतात, त्यामुळे माथ्याजवळचे दगडकाम थोडे मऊ दिसेल. ८ × १० इंचांच्या छपाईत हे फारसे जाणवणार नाही.

प्रतिसाद:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मला कापण्याविषयी लिहायचे आहे. आपल्या पहिल्या प्रकारात इमारत कातरून चिकटवल्यासारखी दिसते, त्याचे कारण बहुधा खालची कड असावी. इमारत जमिनीला जोत्यापाशी मिळते. जोते आणि पायऱ्या यांच्यापुढे थोडी जमीन दिसल्याशिवाय तिचे वजन जाणवत नाही. आकाश कमी झाले तर फारसे बिघडत नाही, जमीन कमी झाली तर बरेच बिघडते. वाहनाचा अर्धवट भाग काढण्यासाठी जोत्यापर्यंत वर येण्यापेक्षा ते वाहन नसताना पुन्हा चित्र काढणे मी पसंत करीन.

शेजारच्या भिंतीची मात्र अरुंद पट्टी ठेवावी. जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर यांनी १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे यांसारख्या औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे समोरून, ढगाळ प्रकाशात आणि शक्यतो परिसर बाजूला सारून काढली. तेथे एकाच प्रकारच्या अनेक वास्तू शेजारी शेजारी मांडून पाहायच्या होत्या, म्हणून तो एकटेपणा योग्य होता. आपले चित्र एकटे लागणार आहे. ही इमारत कशाच्या शेजारी उभी होती, तिच्यापेक्षा किती उंच काहीतरी जवळ उभे राहिले, हेही तिच्या आजच्या रूपात येते. पट्टी इतकीच असावी की भिंत ओळखू येईल, आणि तिच्यातील एखादी चकचकीत खिडकी चौकटीत येत असेल तर कड तिच्या अलीकडे घ्यावी, कारण नजर उजळ जागेकडे आधी जाते.

तारा मी चित्रातून काढून टाकणार नाही. आजचे रूप जसेच्या तसे हवे असे आपणच म्हटले आहे.

धागाकर्ती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नव्या इमारतीचा कोपरा ओळंबा म्हणून वापरता येईल, हे माझ्या ध्यानातही आले नसते. त्या रेषेवरून कडा सरळ केल्यावर जुन्या इमारतीचा उजवीकडचा कल खरा असल्याचे स्पष्ट झाले, आणि तो आता तसाच ठेवला आहे. अडचण अशी आली की मूळ चित्रात माथ्याच्या दोन्हीकडे जागा थोडी असल्याने सरळ केल्यावर शेजारच्या भिंतीची पट्टी वरच्या बाजूला जवळजवळ उरत नाही.

पुन्हा चित्र काढणे शक्य आहे. समोर एक मोकळे आवार आहे, तेथून इमारत १६ मीटरवर येते. मात्र त्या जागेपुढे २ मीटरवर कमरेइतके कुंपण आहे, ते चित्रात येईल अशी भीती वाटते. शिवाय मागे गेल्यावर कॅमेरा झुकवण्याची गरज किती उरेल, हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद (कडा सरळ करण्याविषयी लिहिणारा):

मार्ग आहे, आणि तो साध्या गुणोत्तराचा आहे. कॅमेरा उभा धरला की सेन्सरची ३६ मिलिमीटरची बाजू उभी येते. तिचा वरचा अर्धा भाग १८ मिलिमीटरचा. त्याला लेन्सच्या २४ मिलिमीटरने भागले की ०.७५ मिळतात. म्हणजे कॅमेरा पाणसळीत, मुळीच न झुकवता ठेवला, तर त्याच्या पातळीच्या वर अंतराच्या पाऊणपट उंची चौकटीत मावते. १० मीटरवरून ती ७.५ मीटर होते. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर धरला तर ९ मीटरपर्यंतचाच भाग येतो, म्हणून आपल्याला झुकवावे लागले. १६ मीटरवरून मात्र १२ अधिक १.५ म्हणजे १३.५ मीटरपर्यंतचे येईल. माथा पूर्ण मावून त्यावर दीड मीटर आकाश उरेल, आणि कडा मुळातच सरळ येतील, काहीही ताणावे लागणार नाही.

अशा चित्राचा खालचा जवळजवळ अर्धा भाग निव्वळ जमीन असेल. ते पाहून निराश होऊ नये, कारण तो कापण्यासाठीच आहे. ६००० पिक्सेलच्या उंचीत इमारत ३००० पिक्सेल व्यापेल आणि वर ३७५ पिक्सेल आकाश राहील. खालचे २००० पिक्सेल कापले की जोत्यापुढे ६२५ पिक्सेल जमीन उरते, जी मला पुरेशी वाटते. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यात लेन्स वर सरकवून हेच साधले जाई. पॅरिसच्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढणाऱ्या अत्झे यांच्या काही चित्रांत वरचे कोपरे काळे पडलेले दिसतात, ते लेन्स तिच्या प्रतिमावर्तुळाच्या, म्हणजे ती जेवढ्या गोल भागात प्रतिमा पाडते त्याच्या, मर्यादेपलीकडे वर सरकवल्यामुळे. आजच्या कॅमेऱ्यांवरची सरकवता येणारी शिफ्ट लेन्स याच तत्त्वावर चालते. आपण तेवढेच काम खालचा भाग कापून करत आहात आणि त्याची किंमत पिक्सेलमध्ये मोजत आहात.

ती किंमत परवडण्याजोगी आहे. उरलेल्या ४००० × ४००० मधून बाजूंचे मिळून ८०० पिक्सेल काढले की ३२०० × ४००० म्हणजे ४:५ हे प्रमाण मिळते. ८ × १० इंचांत ते इंचाला ४०० पिक्सेल होतात, आणि चांगल्या छपाईला ३०० पुरतात. या रुंदीत इमारतीच्या पातळीवर १२.८ मीटरचा भाग येतो. इमारत ९ मीटरची असल्याने ३.८ मीटर उरतात. ते दोन्हीकडे सारखे वाटण्याची गरज नाही. डावीकडे फांदीपुरते कमी आणि उजवीकडे भिंतीसाठी थोडे अधिक ठेवता येईल.

कुंपणाची भीती नसावी. कापलेल्या चौकटीची खालची कड कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर जमिनीला टेकते. २ मीटरवर तिची उंची जमिनीपासून १ मीटर असते, म्हणून त्याहून बुटके कुंपण मूळ फाइलमध्ये दिसले तरी कापलेल्या भागात जाईल. कॅमेरा तिवईवर ठेवून पडद्यावरील पातळीदर्शक पाहावा आणि शक्य झाल्यास तो १.५ मीटरपेक्षा थोडा वर घ्यावा.

प्रतिसाद:

छपाईच्या दृष्टीने एक गोष्ट सुचवावीशी वाटते. माउंट बोर्डची, म्हणजे चौकटीत चित्रावर बसवायच्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी छापील चित्रापेक्षा थोडी लहान कापलेली असते आणि ती प्रत्येक कडेवर काही मिलिमीटर झाकते. शेजारच्या भिंतीची अरुंद पट्टी अगदी मोजून ठेवली असेल तर ती माउंटखाली जाण्याचा संभव आहे. एकतर चित्राभोवती पांढरी कोरी किनार ठेवून छापावे, किंवा चौकट बनवणाऱ्याला खिडकीचे नेमके माप विचारून त्यानुसार कापावे.

धागाकर्ती:

आवारातून, कॅमेरा पाणसळीत ठेवून चित्र काढले. सकाळ ढगाळ होती आणि रस्त्यावर वाहन नव्हते. माथा पूर्ण आला आहे, सज्ज्याचा खचलेपणा आणि उजव्या कडेचा कल दोन्ही स्पष्ट दिसतात, आणि खालची कड कुंपणाच्या वरून जाते. उजवीकडे शेजारच्या भिंतीची पट्टी तिच्या पहिल्या खिडकीच्या अलीकडे थांबवली आहे, तारा ठेवल्या आहेत. छपाई पांढरी किनार ठेवून करणार आहे. दार आणि सज्जा यांचे वेगळे चित्र जवळून, कमानीचे दोन्हीकडचे दगड चौकटीत घेऊन, दुरुस्तीचे काम सुरू होण्यापूर्वी काढीन.