मानमोडीत वारलेल्या पणजोबांचे मूळ घर जुन्या दप्तरांतून कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, संगमेश्वर तालुक्यातील एका खोती, म्हणजे साऱ्याची वसुली खोताकडे असलेल्या, गावातून मुंबईला गिरणीत कामाला आले आणि मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत वारले, एवढेच आमच्या घरात सांगितले जाते. त्यावरून मी मृत्यूचे साल १९१८ धरले आहे. त्या वेळी पाच वर्षांच्या असलेल्या माझ्या आजोबांना चुलत्यांनी गावी सांभाळले आणि मोठेपणी तेही गिरणीत लागले. पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, घर कोणत्या वाडीत होते, भाऊबंद कोण, यांपैकी काहीही आम्हाला ठाऊक नाही. आजोबांना विचारायला हवे होते हे ते गेल्यावर सुचले.

हाती तीन वस्तू आहेत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, पण तो घडीवर फाटला असून पालकाच्या नावाची ओळ नेमकी त्या घडीत गेली आहे. मोडीतील एक कागद आहे, जो आमच्यापैकी कोणालाही वाचता येत नाही. तिसरा पणजीचा तांब्याचा हंडा, ज्याच्या काठाखाली काही अक्षरे कोरलेली आहेत.

आमचे आडनाव गावाच्या नावाला ‘कर’ लावून झालेले आहे. गावच्या सातबाऱ्यांवर ते एकदाही सापडले नाही आणि या आडनावाचे घर गावात कधी नव्हतेच, असे तेथील वडीलधारी मंडळी सांगतात. मग आम्ही मूळचे त्या गावचे नाहीच, असे समजावे काय?

पहिला प्रतिसाद

असे मुळीच समजू नये. उलट आपण सांगितलेली गोष्ट गावचे असण्याकडेच बोट दाखवते. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने ओळखण्यात काही अर्थ नसतो, कारण तेथे सगळेच त्या गावचे असतात. ‘कर’ चिकटतो तो गाव सोडल्यावर. गिरणीच्या हजेरीपटावर नाव घालताना कारकुनाने ‘गाव कोणते’ असे विचारले आणि तेच आडनाव झाले, अशी कुटुंबे गिरणगावात पुष्कळ आहेत. गावी राहिलेल्या भावाच्या घराण्यात मात्र जुनेच आडनाव चालू राहिले असणार. तेव्हा आजचे आडनाव घेऊन दप्तर चाळणे थांबवावे आणि प्रथम जुने आडनाव शोधावे.

ते मिळण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे आजोबांची शाळा. दाखला फाटला तरी तो ज्यावरून लिहिला ते जनरल रजिस्टर शाळेत असते आणि त्याचा उतारा अर्ज करून मिळतो. वडील आधीच वारलेले असल्याने पालक म्हणून चुलत्यांचे नाव लिहिलेले असण्याचा संभव मोठा आहे.

आडनाव हाती आल्यावर जमिनीकडे वळावे, पण मालक म्हणून नव्हे. खोती गावात कसणाऱ्याचे नाव कूळ म्हणून येते. जुन्या पाहणीच्या वेळच्या बोटखतात, म्हणजे खोती जमिनींच्या हक्कनोंदीच्या वहीत, खोताबरोबर कुळांच्याही नोंदी असतात. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे मालक मानली गेली आणि पुढे कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरवताना कुळांचे जबाब घेतले गेले. ‘ही जमीन माझा आजा कसत होता’ अशा वाक्यांनी सुरू होणारे ते जबाब म्हणजे अशिक्षित माणसाने तोंडी सांगितलेली वंशावळच होय, आणि माझ्या मते त्यांच्याइतके दुर्लक्षित साधन दुसरे नाही. तालुक्याचे नाव संगमेश्वर असले तरी तहसील कचेरी देवरुखला आहे. नवखा माणूस हमखास चुकीच्या ठिकाणी उतरतो.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्यास माझी एक पुस्ती. मृत्यूची नोंद मुंबई महानगरपालिकेकडे आणि गावच्या नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या ज्या जुन्या नोंदवहीला सगळे कोतवाल बुक म्हणतात तिच्यात, अशी दोन्हीकडे शोधावी, कारण साथीच्या दिवसांत मुंबईतील पुष्कळ कामगार गावी परतले होते. मुंबईत साथीचा सर्वांत मोठा तडाखा सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये बसला. गावच्या बुकात त्यापुढील दोन महिनेही पाहावेत. मी माझ्या आजोळचे बुक पाहिले तेव्हा त्या महिन्यांत पानामागून पान मृत्यूंनीच भरलेले होते आणि कारणाच्या रकान्यात ‘ताप’ हा एकच शब्द खालपर्यंत उतरत गेला होता.

या नोंदी मोडीत असतील. वाचक लावलात तरी काही शब्द स्वतःला ओळखता यावेत: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. साल शके असल्यास त्यात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असल्यास ७९. आपल्याला हवा तो काळ शके १८४० मध्ये पडतो. घरातील मोडी कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेण्याचा मोह कृपया टाळावा. आमच्याकडचे एक खरेदीखत त्यापायी कायमचे बिघडले. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात, तेथे जाणकार वाचक भेटतात.

तिसरा प्रतिसाद

एका धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एकाच घराण्यात एकाआड एक पिढीत तीच नावे येतात. केवळ नाव आणि बापाचे नाव जुळले म्हणून माणूस तोच, असे मानू नये. मी स्वतः दोन वर्षे भलत्याच शाखेची वंशावळ मांडत बसलो होतो. वय, वाडी आणि भावांची नावे यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद पक्की धरू नये.

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात, पण अस्थी घेऊन तेथवर जाणे गिरणी कामगाराला परवडले असेलच असे नाही. त्यापेक्षा मुंबईत गावकीची, म्हणजे गावच्या लोकांनी वर्गणीतून चालवलेली सामाईक, खोली होती का, याची चौकशी करावी. अशा खोल्यांच्या वर्गणीच्या वह्या ग्रामस्थ मंडळाच्या एखाद्या पेटीत पडून असतात आणि त्यांत माणूस वाडीसकट लिहिलेला असतो.

हंड्याबद्दल विचारायचे राहिले. तो पणजीबाईंचाच आहे, हे आपण त्यावरचे नाव वाचून ठरवले की घरच्यांनी सांगितले म्हणून? लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचेही नाव घालत असत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मागील आठवड्यात शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापकांनी कपाटातील जुने रजिस्टर स्वतः काढून दिले. आजोबांच्या नावापुढे आमचे आजचे आडनाव नाहीच. तेथे पालक म्हणून चुलत्यांचे पूर्ण नाव असून त्यांचे आडनाव गावातील खालच्या वाडीत आजही चार घरांचे आहे. त्यांपैकी एका घरी शिमग्याला पालखी येते तेव्हा मुंबईला गेलेल्या भावाच्या नावाचा नारळ अजून वेगळा ठेवतात, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला काही क्षण बोलताच आले नाही. त्या भावाचे नाव आमच्या पणजोबांचेच आहे, परंतु आपल्या सूचनेप्रमाणे कोतवाल बुक पाहिल्यावाचून मी ते पक्के धरणार नाही. देवरुखला नकलेसाठी अर्ज दिला आहे.

हंडा चिंच लावून घासला. नाव पणजीचे नाही, एका पुरुषाचे आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत तालुका राजापूर असे कोरलेले आहे. गावाचे नाव ठोक्याखाली चेपले असून पहिली दोनच अक्षरे लागतात, ‘ओण’ किंवा ‘ओझ’. राजापूर तालुक्याची माहिती असलेल्या कोणी यावर प्रकाश टाकल्यास आभारी होईन.