खालचा आवाज वर ओढू नये

ताई, खानापूरहून तुम्ही विचारलंय की मुलीचा आवाज खाली भरदार आहे, मेझो-सोप्रानोचा (ऑपेरातला बायकांचा मधल्या पट्टीचा आवाज) वाटतो, पण वर जाताना फाटतो. माझंही असंच व्हायचं. शहापुरात ख्याल शिकलेली मी, खर्जाची सवय. छातीचा आवाज तसाच वर रेटायचे. मेझोचा आवाज पियानोवरच्या मधल्या सीच्या वरच्या सप्तकात, ई-एफ या सुरांच्या आसपास वळण घेतो. तिथं जोर नको. 'ऊ' म्हणत वरून हलकं खाली उतरायला सांगा, महिनाभर तरी.

श्वासासाठी दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवून 'स्स्स' सोडायचं, बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. इटालियनमध्ये याला अप्पोज्जो म्हणतात. ऑपेरात माइक नसतो, सगळी भिस्त यावरच.

गाण्यातल्या भावाचं म्हणाल, तर संगीतकार बिझेच्या 'कारमेन' या ऑपेरातलं (१८७५) हाबानेरा हे गाणं घ्या. त्याची चाल अर्ध्या-अर्ध्या सुरांनी खाली उतरते. आपल्या मुली तिथं हमखास मींड घेतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात! प्रत्येक सूर सुटा लागला की त्यातला डौल आपोआप दिसतो.

आणि मुलगी सोळाची आहे ना? मेझोचा शिक्का आत्ताच मारू नका हं, आवाज अजून बसायचाय.