वासरांची हगवण : जंताच्या औषधाने गुण का येत नाही

वासराला जंताचे औषध देऊनही हगवण थांबत नाही, अशी तक्रार पशुपालक करतात, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. वासरू एक ते तीन आठवड्यांचे असेल आणि हगवण पिवळसर, पाण्यासारखी असेल, तर क्रिप्टोस्पोरिडियमचा संशय जरूर घ्यावा. हा परजीवी कृमी नसून एकपेशीय असल्याने जंतनाशकाला तो दाद देत नाही. बाधित वासराच्या शेणातून त्याची जाड कवचाची पुटी (परजीवीचे कवचात बंद असलेले सूक्ष्म रूप) कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतात आणि ती तत्क्षणी संसर्गक्षम असतात, त्यामुळे वासराची लडबडलेली शेपटी पुसून हात न धुता भाकरी मोडणाऱ्यालाही जुलाब लागू शकतात.

पाण्यात नेहमीच्या प्रमाणात टाकलेल्या क्लोरीनने ही पुटी मरत नाहीत. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 साली नळाच्या पाण्यातून आलेल्या याच परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले, ते गाळणप्रक्रिया तोकडी पडल्यामुळे. (तेव्हा संशय गुरांवरही होता, पुढे जनुकीय तपासणीत मात्र माणसांत आढळणारी जात निघाली.) म्हणून पाणी उकळूनच प्यावे.

शेणाच्या तपासणीत या परजीवीचा उल्लेख मुद्दाम करावा, कारण विशिष्ट रंजनाशिवाय (नमुना रंगवून पाहण्याच्या पद्धतीशिवाय), ज्यात पुटी लालसर गोल ठिपक्यांसारखी दिसतात, तो सहज नजरेतून सुटतो. वासराचे दूध तोडू नये. त्याखेरीज क्षार-साखरेचे पाणी वेगळे पाजत राहावे आणि गोठा कोरडा ठेवावा, कारण कोरडेपणा या पुटींना सोसत नाही.